भरल्या पंगतीतून

“बबे, मिट तो लॅपटॉपचा डबा! पंगत बसली. बंकटमामा सारखा बोलवायलाय,” आई दारातून ओरडली.

“आये, चारला मॅडमला उत्तर द्यायचंय.”

“उत्तर काय पळून चाललंय का? नवसाच्या कंदुरीचं मटण संपत चाललंय!”

मी उमापुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. चिपमधून निघालेला सिग्नल तिच्या पॅकेजमधून, म्हणजे वरच्या कवचातून, मग कनेक्टरमधून पलीकडच्या बोर्डावर धड पोचतो का, हे बोर्ड बनवण्याआधी कॉम्प्युटरवर पळवून बघायचं. गावाला सांगून सांगून दमले. कनेक्टर म्हटलं की लोक मोटारीचं कनेक्शन मागायला येतात.

त्या दिवशी कनेक्टरचं कॉम्प्युटरवर पळवायचं कोणतं मॉडेल घ्यायचं, हे ठरवायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं होतं. पुरवठादाराने दोन पाठवली होती. एक जुन्या पद्धतीचं सर्किट मॉडेल. ते चटकन पळतं, पण एवढ्या वेगाला तोंडदेखलं गोड बोलतं. दुसरं एस-पॅरामीटरचं. खऱ्या कनेक्टरच्या एकेका तोंडात सिग्नल घालून किती परत आला, किती कुठून बाहेर पडला, ते मोजून लिहिलेलं. माझा सगळा भरवसा यावर. पण मेलं पळवलं की सिग्नल गायब!

“फाइलच खराब दिसतेय,” विजयमाला मॅडम सकाळी फोनवर म्हणाल्या होत्या. “चारपर्यंत सुटलं तर सुटलं. नाहीतर सर्किट मॉडेल धरून बोर्ड बनवायला पाठवू.”

म्हणजे कागदावर सगळं झकास आणि बोर्ड हातात आला की पूर्ण वेगात तोंडावर आपटणार. हे मला दिसत होतं, पण सिद्ध कसं करू? कपाळ माझं!

आईने हाताला धरून नेलंच. मांडवात बायकांच्या दोन रांगा समोरासमोर. मी आमच्या रांगेत पहिली, आई शेजारी. लखन रश्शाची बादली घेऊन आमची आख्खी रांग वाढत गेला आणि मग समोरची रांग वरून सुरू केली. माझ्या समोरच बसलेल्या गीताबाई आत्या भडकल्या.

“का रं लखन, हिच्यासमोर म्या बसले, दुसरा लंबर माझा! समद्यांचं झाल्यावर माझी याद आली व्हय?”

“आत्ये, रांगेनं वाढत्यात. समोरासमोर न्हाई!”

माझा घास हातातच राहिला. अगं बाई! कनेक्टरच्या तोंडांचे नंबर एकाच्या समोर दोन, असे मीही धरले होते. पुरवठादाराने आधी एक रांग संपवून मग दुसरीला नंबर दिले असतील तर? मग माझा दोन नंबर समोरचा नव्हेच, शेजारचा! समोरच्या पानात वाढलेला रस्सा मी शेजारणीच्या पानात शोधत बसले होते!

मी उठले. भरल्या पंगतीतून, खरकट्या हातानं. “आगं, पंगत उठायच्या आदी उठू न्हाई!” मागून कोणीतरी ओरडलं. मी कसली थांबतेय? चप्पल मांडवातच राहिली.

घरी येऊन तोंडांचे नंबर बदलले, पॅकेजचं मॉडेल परत जोडलं, पळवलं. सिग्नल आला! आणि जुन्या मॉडेलने झाकून ठेवलेला खड्डाही दिसला, पॅकेज आणि कनेक्टरने मिळून पाडलेला, बोर्ड चालणार ऐन त्याच वेगाला सिग्नल खचवणारा.

“म्हणजे बोर्ड तसाच पाठवला असता तर...” मॅडम फोनवर म्हणाल्या. मग हसल्या. “एस-पॅरामीटरच घेऊ. आणि बबिता, चारच्या मीटिंगला ग्राहकाला तूच सांग. ठरवलंस तू, बोलायचंही तूच.”

मी बोलले. ग्राहकाने खोदखोदून विचारलं, तरी बोलले. आनंदानं नुसती नाचायची बाकी होते मी!

बाहेर आले तर आई ओट्यावर शिळी भाकरी चटणीशी खात बसलेली.

“आये, माझंच मॉडेल घेतलं! अगं, पण तू भाकरी का खातेस? मटण संपलं?”

“संपतंय कशाला? बादल्या भरून हाय.”

“मग?”

“तू उठली अन् समद्या बाया तुझ्याकडंच बघायला लागल्या,” आई घास मोडत म्हणाली. “मग म्या बी उठले. एकलीच कशी उठू द्यायची तुला?”