हिस्टामिनचा थेंब

लहानू नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत बारा वर्षं काचपट्ट्या धूत होता. त्या पट्ट्यांवर काय असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्याच्या बायकोला, गोपिकेला, तिथल्याच डॉक्टर मुकुंदांनी पहिल्याच भेटीत सूक्ष्मदर्शकाशी बसवून सगळं समजावलं.

वर्षभर तिच्या अंगावर खाजणाऱ्या लाल गांधी उठत होत्या. डॉक्टर म्हणाले, कातडीतल्या दाणेदार पेशींतून हिस्टामिन बाहेर पडतं. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी तिथं जमतात, सूज येते. पुढं तेच हिस्टामिन काही पेशींना आवरतंही, हे आत्ता कुठं कळू लागलंय.

"म्हंजे भांडण लावते बी थेच अन् सोडवते बी थेच," गोपिका म्हणाली. डॉक्टर हसले. तीही हसली. तसं हसताना लहानूनं तिला घरी कधी पाहिलं नव्हतं.

तिला कशाचं वावडं आहे ते बघायला सोमवारी हातावर टोचून तपासणी ठरली. तोवर खाजेची गोळी बंद. खाजवून दंड सोलले, पण गोपिकेनं गोळीला हात लावला नाही. वर रोज जेवताना डॉक्टरांचं बोलणं ती लहानूलाच समजावून सांगे. तो ताट अर्धवट सोडून उठे.

सोमवारी सकाळी चहा त्यानं केला. गोळी कुटून तिच्या कपात टाकली, साखर जास्त घातली. तपासणी फसली की हे येणं-जाणं थांबेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

डॉक्टरांनी तिच्या हातावर थेंब ठेवून टोचलं. त्यांतला एक निव्वळ हिस्टामिनचा. त्यानं कुणाच्याही हातावर गांध उठतेच. पाव तास झाला तरी हात सपाट. गोळी घेतली असली तरच असं होतं, डॉक्टर म्हणाले. गोपिकेनं नाही म्हणून सांगितलं, सोललेले दंड दाखवले. त्यांना ते पटलं नाही. रुग्ण सांगितलेलं पाळत नाही, असं ते कार्डावर लिहू लागले.

दाराशी उभ्या लहानूला हेच हवं होतं. पण खोटारडी ठरलेली गोपिका त्याला पाहवेना.

"साहेब, गोळी मीनं टाकली. चहात."

गोपिका त्याच्याकडं वळली. "काहून?"

"तू हासून राहिली होती साहेबायसंग."

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं, आणि पुढचा सोमवार दिला. म्हणजे गोळीविना आणखी आठवडाभर खाज. गोपिकेनं पदर दंडावर ओढून घेतला.

"येईन मी," ती डॉक्टरांना म्हणाली. मग लहानूकडं न बघता म्हणाली, "अन् चहा मीच करीन."