दिवाळीतल्या विहिरी

गारखेड्यातल्या ऑफिसात टँकर-प्रोजेक्टच्या अर्ध्या फाइली उडाल्या. सॉफ्टवेअर बजावत होतं: बॅकअप आधी वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा, तपासा. पण नव्या कॉलन्यांचे फोन खणखणत होते. शंतनूसरांना कसला धीर!

"टाक थेट!" ते खेकसले.

कॉम्प्युटरवर बसलेल्या ओवीनं टाकलं. एकूण एक फाइल परत आली, पण दिवाळीतली. विहिरींच्या उन्हाळ्यातल्या नोंदी पुसल्या गेल्या, हे कुणी बघितलंच नाही.

दोन दिवसांनी दौलताबादजवळच्या वस्तीवरून म्हाळसाबाईंचा फोन आला. "टँकर नाय आला, पोरी."

ओवीनं स्क्रीनवर बघितलं. "मावशी, तुमच्या विहिरीत तर पाणी दाखवतंय."

"व्हय? थांब, बघते."

फोन चालूच राहिला. मग रहाट कुरकुरला, आणि बादली तळाच्या दगडावर आपटली.