माझ्या पायाखालच्या चार वाट्या

मंगळवार, १२ फेब्रुवारी २००२. दुपारी साडेतीन वाजता मामलेदार नावाच्या मांजरीने माझ्या पुढच्या डाव्या पायाखालच्या वाटीतले पाणी दोनदा चाटले, मान झटकली आणि ती माझ्या मागे गेली. त्या वाटीत मुंग्यांचे औषध होते. मला ते ठाऊक होते. पण मला बोलता येत नाही.

मित्रांनो, मी एक जुने जाळीचे कपाट आहे. विरारला पश्चिमेकडच्या एका इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी माझा मुक्काम आहे. माझ्यासमोर घडले तेवढेच मी सांगणार आहे. जे नुसते कानावर आले, ते कानावर आले असेच म्हणेन.

माझा जन्म आगाशीचा. या घराची मालकीण हंसा, तिच्या वडिलांच्या वाडीत वाऱ्याने फणसाचे झाड पडले. पॉल मिस्त्रींनी त्याच्या फळ्या वर्षभर सावलीत वाळवल्या आणि १९८६ साली मला उभे केले. साडेचार फूट उंची, तीन खण, पुढे आणि दोन्ही बाजूंना बारीक जाळी, पाठीला अखंड फळी. दाराला कुलूप नाही, लाकडाची फिरकी. काम संपल्यावर मिस्त्री म्हणाले, यात मांजर शिरले तर मी रंधा खाली ठेवीन.

हंसा लग्न होऊन निघाली तेव्हा मी टेम्पोतून तिच्या मागोमाग आले. तिच्या आईने, भागूबाईने, माझ्यासाठी चिनी मातीच्या चार वाट्या दिल्या होत्या. कपाटाचा एकेक पाय एकेका वाटीत ठेवायचा आणि वाटीत पाणी भरायचे, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. तेव्हापासून माझे चारही पाय पाण्यात आहेत.

ती माझी कामाची वर्षे होती. वरच्या खणात दूध-दही, मधल्यात उरलेली भाजी-आमटी, खालच्यात सुकटीचा आणि सुक्या बोंबलांचा डबा. हंसाचे यजमान शत्रुघ्न साताऱ्याकडचे, वसईच्या एका कारखान्यात फिटर. त्यांना आधी सुकटीचा वास सोसत नसे. पुढे तेच डबा उघडून बघू लागले. शेजारणी म्हणत, हंसाकडचे दूध कधी नासत नाही. मी लाकडाचे असले, तरी ते ऐकून मला बरे वाटे.

मांजर ऑक्टोबर १९९८ मध्ये आली. राखाडी रंग, डाव्या कानाचा शेंडा तुटलेला. खिडकीतून आत उतरली, तिन्ही खोल्यांतून फिरली, प्रत्येक भांड्यात डोकावली आणि शेवटी शत्रुघ्न यांच्या खुर्चीत जाऊन बसली. ते हंसाला म्हणाले, “ऊठ, चहा टाक. मामलेदार तपासणीला आलेत.” नाव तिथेच पडले. ती मादी आहे हे नंतर कळले, पण नाव बदलायला उशीर झाला होता.

तिच्या अंगात किती बळ होते ते मी मोजलेले आहे, कारण ते माझ्यावरच उतरत असे. पहाटे पाच वाजता ती सिलेंडरवरून माझ्या डोक्यावर, तिथून खिडकीच्या गजांवर आणि पुन्हा माझ्या डोक्यावर अशा उड्या मारी. माझ्या जाळीवर नखे रोवून चढे. फिरकी पंजाने फिरवायला तिला चार दिवस लागले. शत्रुघ्न यांनी कडी बसवली. ती कडीला लोंबकळून दार उघडायला शिकली. मग त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली. ती तिने चावून तोडली. एकदा ती आत असतानाच दार लागले आणि सुकटीच्या डब्यासह ती अख्खी दुपार माझ्या पोटात राहिली. बाहेर आली ती आपल्यालाच त्रास झाल्याच्या थाटात. पॉल मिस्त्रींच्या कानावर यातले काही गेले नाही.

नाही म्हटलेले तिला चालत नसे. तिच्यासाठी स्टीलची ताटली आणली, तिने ती उलटी केली. नवी आणली, तीही उलटी केली. पाणी ती फक्त माझ्या पायाखालच्या वाट्यांतून पीत असे. घरातल्या तिघांनी, नवरा-बायकोने आणि मुलीने, तिला वळण लावायचा प्रयत्न केला आणि तिघेही हरले. मी तर कधी लढूच शकत नव्हते.

१९९९ मध्ये घरात फ्रिज आला. दूध गेले, दही गेले. माझ्याकडे कांदे, जुनी वर्तमानपत्रे आणि सुकटीचा डबा एवढेच उरले. जाळीला गंज चढला. हंसा मात्र वाट्यांत पाणी घालायला विसरली नाही.

मांजरीचा सगळ्यात जास्त त्रास हंसालाच होता. सांडलेले तिनेच पुसायचे, फुटलेले तिनेच गोळा करायचे. रागावली की ती एकच वाक्य बोले, “एक दिवस औषधच घालते बघ तुला.” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. तिची मुलगी रोशनी हिनेही ऐकले आहे. शेवटी २००० साली हंसाच्या हट्टापायी शत्रुघ्न यांनी मांजरीला पोत्यात घातले आणि स्कूटरवरून लांब चांदीप गावाला एका सोबत्याच्या शेतावर सोडले. रोशनी दोन दिवस जेवली नाही. अकराव्या दिवशी सकाळी सात वाजता मामलेदार खिडकीतून आत आली. कोणाकडे न बघता तिने माझ्या वाटीतले पाणी संपवले आणि माझ्या डोक्यावर झोपली. हंसा म्हणाली, “आता ही मेली तरच मी सुटेन.” हे वाक्यही रोशनीने ऐकले.

आता या महिन्याचे सांगते.

शुक्रवारी, आठ तारखेला, मांजरीने खाणे सोडलेले पाहून शत्रुघ्न तिला वसईला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सहा पुड्या दिल्या. घरी आल्यावर पहिली पुडी तोंडात घालताना तिने शत्रुघ्न यांचा अंगठा फोडला. पुडी जमिनीवर सांडली. अंगठ्याला फडके गुंडाळत ते म्हणाले की झाले आपले उपचार, आता तिचे नशीब. हंसा म्हणाली, उरलेल्या पुड्या टाकून देते.

तिने त्या टाकल्या नाहीत. माझ्या डोक्यावर एक रिकामा डबा आहे, त्याखाली ठेवल्या. शनिवारी सकाळी घरात कोणी नसताना ती माझ्यापुढे उकिडवी बसली आणि एक पुडी चारही वाट्यांत थोडी थोडी टाकून तिने बोटाने ढवळली. मांजर आली आणि प्यायली. रविवारी तेच, सोमवारी तेच. सोमवारी मांजरीने थोडे दूधही घेतले. हंसाने हे नवऱ्याला सांगितले नाही, मुलीलाही नाही. इतकी वर्षे जिला हाकलायला निघाली होती, तिच्यासाठी चोरून औषध कालवते म्हणून दोघे चिडवतील, असे तिला वाटले असावे. हा माझा अंदाज आहे.

पुडी गोड होती. मंगळवारी दुपारी शत्रुघ्न यांना वाट्यांभोवती मुंग्यांच्या रांगा दिसल्या. हंसा सकाळीच आगाशीला भागूबाईंना बघायला गेली होती. ते खाली जाऊन निळे पाकीट घेऊन आले आणि त्यांनी रोशनीच्या देखत वाट्यांत मुंग्यांचे औषध टाकले. पुढच्या दोन्ही आणि मागच्या उजव्या वाटीत. मागची डावी वाटी भिंतीच्या कोपऱ्यात आहे, तिथे त्यांचा हात पोचला नाही. मांजर बाल्कनीत होती. त्यांनी स्वयंपाकघराचे दार ओढून घेतले, दुपारी ते मांजरीपायी एरवीही बंदच असते. दोन वाजता दुसऱ्या पाळीला निघताना ते रोशनीला म्हणाले, “आई आली की सांग, वाट्यांत औषध घातलंय.”

सव्वातीनला हंसा आली. बाहेरच्या खोलीत रोशनीने निरोप सांगितला. शब्द बरोबर होते, एकही कमी-जास्त नव्हता. हंसाला वाटले असावे, नवऱ्याला पुड्या सापडल्या आणि आजची त्यानेच वाट्यांत घातली.

ती म्हणाली, “बरं झालं. आज माझ्याकडून राहिलंच होतं.”

तिने बाल्कनीचे दार उघडले, स्वयंपाकघराचे उघडले. मांजर तिच्या पायांतून आत आली. इमारतीत राहायला आल्यापासून हंसा जपून ‘पाणी’ म्हणते. त्या वेळी ती माहेरच्यासारखी बोलली, “ये, पानी पी.”

मग साडेतीन वाजले. मांजरीने पुढच्या वाटीला जीभ लावली, ते मी पाहिले. ती मागे गेली आणि बराच वेळ पाणी पिण्याचा आवाज आला, तो मी ऐकला. मागच्या दोन वाट्यांपैकी कोणती, ते मला सांगता येत नाही. मला जाळीतून दिसते. पाठीला फळी आहे.

रोशनी धावत आली आणि किंचाळली. मांजर दचकून खिडकीतून छज्ज्यावर उतरली आणि गेली.

“तू तिला औषध घातलंस,” रोशनी म्हणाली.

“हो, औषधच घातलं ना. तीन दिवस घालतेय, बाळा.”

हंसा हे हसत म्हणाली. मग मुलीने कचऱ्याच्या डब्यातले निळे पाकीट काढून तिच्यासमोर धरले.  हंसाने पाकीट वाचले आणि माझ्या डोक्यावरच्या डब्याखालच्या पुड्या काढून दाखवल्या. दोन उरल्या होत्या.

“मग सांगितलं का नाहीस?” रोशनीने विचारले.

हंसाने पुड्या मुठीत धरल्या. मित्रांनो, तिने त्या तिन्ही दिवशी सकाळी काय केले ते पाहणारे या घरात मी एकटेच आहे. माझे दार वाऱ्याने हलते, तेव्हा नुसते कुरकुरते.

बुधवारी सकाळी शत्रुघ्न यांनी कोपऱ्यातल्या वाटीचे सांगितले. ती कदाचित तिथेच प्यायली असेल, असे ते रोशनीला पुन्हा पुन्हा म्हणाले. रोशनीने ऐकून घेतले. त्या दिवसापासून ती आईच्या हातचे ताट घेत नाही, स्वतः वाढून घेते. हंसा सकाळ-संध्याकाळ इमारतीच्या मागे, गटाराच्या कडेने, गॅरेजमध्ये फिरते आणि “मामलेदार, मामलेदार” अशा हाका मारते. याआधी तिने मांजरीला कधी नावाने हाक मारली नव्हती. ऐकणारे हसतात, असे शत्रुघ्न सांगत होते. माझ्या चारही वाट्या त्यांनी धुऊन, पालथ्या घालून बाल्कनीत ठेवल्या आहेत.

मित्रांनो, घरात औषध एकच नसते. खोकल्याचे असते, पिकावरचे असते, मुंग्यांचे असते. आपण सगळ्यांना औषधच म्हणतो. म्हणताना ते कोणते आणि कोणासाठी, हेही सांगत जा. कोणाचे चांगले करत असाल तर घरात एकाला तरी ते कळू द्या. आणि हट्टी जनावर आपली ताटली लाथाडून जिथे पाणी पिते, त्या जागेवर लक्ष ठेवा.

आज शनिवार, सोळा तारीख. सकाळी नऊ वाजता सायकलवरून पाव घेऊन येणारा जॉन दारात उभा राहून म्हणाला, “हंसाबाय, आगाशीच्या बाजारात मासळीवाल्यांच्या मागं एक राखाडी मांजर बसलेली बघितली. कान तुटलेला वाटला. डोळे मिटून होती. हाक मारली, हलली नाय. झोपली होती की काय, सांगता येत नाय.” तुटका कान कोणता, ते त्याला आठवेना.

हंसाने पिशवी घेतली. तिने रोशनीकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, “येतेस?”  रोशनीने पायात चपला घातल्या. दोघी नऊ चाळीसला बाहेर पडल्या.

आता सव्वाबारा झाले आहेत. अजून कोणी परत आलेले नाही.