ट्रान्सफॉर्मरपर्यंतची धाव

बसमध्ये उठून जागा देणाऱ्या मुलीने हसत विचारलं, "कौन सा महीना चल रहा है, दीदी?" पूर्णिमाचा हात वरच्या दांडीलाच चिकटून राहिला.

पोरगी साधी होती, आवाजात कुचकेपणा नव्हता. पूर्णिमा बेचाळीस वर्षांची, नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात लेखा विभागात, घरी दहावीतली मुलगी. खरं सांगावं तर सगळी बस ऐकणार. तिच्या तोंडून निघून गेलं, "सातवां." आणि ती त्या जागेवर बसली. पुढचा सगळा रस्ता तिने खिडकीबाहेर बघून काढला. आपण हे बोललो, यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

त्या संध्याकाळी तिने पलंगाखालून मुलीचे, इरावतीचे, जुने बूट ओढून काढले.

पूर्णिमा मूळची अमरावतीची. लग्न होऊन रायपूरला आली, त्याला सतरा-अठरा वर्षं झाली. चौबे कॉलोनीत घर, नवरा निरंजन बँकेत, सासूबाई शारदा. सासरे रेल्वेत होते, ते आता नव्हते. लग्नात ती चांगली भरलेली होती, पुढे आणखी भरत गेली, आणि घरात त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं. धावायचं ठरलं तेव्हा मात्र सगळ्यांना वाटलं.

"रस्त्यावर? पॅन्ट घालून?" सासूबाईंनी भाजीची विळी बाजूला सरकवली. "अव माय! लोक काय म्हणतीन?"

निरंजन नुसता हसला. "दोन दिवस जाईन ते. बूट तरी वापरात येतीन."

सोबतीला मिळाल्या समोरच्या कमला दीदी. कमला साहू, सरकारी शाळेत शिक्षिका, अंगाने पूर्णिमाच्या तोडीस तोड आणि आवाजाने सगळ्या गल्लीच्या वरचढ. पहाटे दोघी निघाल्या. पूर्णिमा दोन खांबांमधलं अंतर धावली आणि कंबरेवर हात ठेवून वाकली. छातीत भाता चालला होता, डोळ्यांपुढे पिवळं दिसत होतं. मागून कमला दीदींनी अशा टाळ्या वाजवल्या की झोपलेली कुत्री उठून उभी राहिली.

"दीदी, गप बसा ना. लोक बघून राहिले!"

"हव, तो देखने दो ना! कल तक तू एक खंबा भी नहीं दौड़ती थी." त्यांनी तिला खांबाशी उभं केलं, दोन्ही हात वर करायला लावले आणि फोटो काढला. मग कोपऱ्यावर दोघींनी नारळपाणी घेतलं.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. नवं ठिकाण गाठलं की हात वर, फोटो, नारळपाणी. दुसऱ्या खांबानंतर ट्रान्सफॉर्मर आला. लोखंडी जाळीतला, भुणभुणणारा. तिथपर्यंत न थांबता पोचली त्या दिवशी पूर्णिमा लहान पोरीसारखी नाचली. मग हनुमानाचं देऊळ आलं. मग दुधाचं बूथ. बूथवाला तर तिला लांबून येताना बघूनच "आ जाओ, आ जाओ" म्हणून ओरडायला लागला. निरंजन फोटो बघून म्हणायचा, "मॅरेथॉन मारून आली का?" पण एका रविवारी तोच जिलबी घेऊन आला, आणि सासूबाईंनी शेजारणीला अंगणातून सांगितलेलं पूर्णिमाने आपल्या कानांनी ऐकलं, "आमची सून बूथपर्यंत पळते आता."

दसऱ्याच्या सुमारास बूथपलीकडच्या बागेची एक पूर्ण फेरी ती न थांबता धावली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपले पाय आपले वाटले.

आणि मग ती मागे यायला लागली.

आधी बागेची फेरी अर्धवट राहिली. थंडी पडली म्हणून असेल, तिने स्वतःला समजावलं. मग बूथ लांब वाटायला लागलं. बूथवाल्याची हाक यायची आणि ती देवळाशीच ओणवी झालेली असायची. श्वास वरच्या वर अडायचा, जसं काही आतून कोणी छातीला हात लावून धरलंय. जेवण दोन घासांत संपायचं. पोट मात्र ताठ. वजनाचा काटा एक ग्रॅम मागे यायला तयार नव्हता, उलट थोडा पुढेच गेला होता.

कॉलोनीजवळच्या डॉक्टरांकडे निरंजनच घेऊन गेला. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लिहायला लागले.

"वजन कम कीजिए, मैडम. सब ठीक हो जाएगा."

"सर, मैं दौड़ती हूँ. पहले बाग का पूरा चक्कर होता था, अब नहीं होता."

डॉक्टर मान वर न करता हसले. "दौड़ने के बाद जो खाती हैं, वो भी तो देखिए."

तपासायच्या पलंगावर त्यांनी तिला झोपायलाही सांगितलं नाही. बाहेर आल्यावर निरंजन म्हणाला, "डॉक्टर सांगून राहिले ना. रात्रीची पोळी बंद कर." पूर्णिमाला रडू आलं, पण राग कुणाचा आला, ते तिला धड कळलं नाही. डॉक्टरचा, नवऱ्याचा, की स्वतःच्या पोटाचा. तिने रात्रीची पोळी बंद केली.

जानेवारीत ती ट्रान्सफॉर्मरपर्यंतसुद्धा पोचेना. "मले नाही जमत, दीदी. उद्यापासून तुम्ही एकट्याच जा."

कमला दीदी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. "आज जितना हुआ, उतने का फोटो." त्यांनी तिला पहिल्याच खांबाशी पकडलं. पूर्णिमाने हात वर केले तेही जेमतेम.

तिच्या वाढदिवशी, फेब्रुवारीत, इरावती सकाळपासून मोबाईल घेऊन बसली होती. आईचे धावतानाचे सगळे फोटो तिला एका ओळीत लावायचे होते, स्टेटसला ठेवायचे होते. पूर्णिमा ओट्याशी साबुदाण्याची खिचडी परतत होती. आतून पोरीची हाक आली. हाक नेहमीची नव्हती.

"मम्मी. इधर आओ. ये देखो ना."

पूर्णिमा हात पुसत गेली. पडद्यावर ती सात-आठ वेळा उभी होती. तोच निळा टी-शर्ट, तेच वर केलेले हात. खांब, ट्रान्सफॉर्मर, देऊळ, बूथ, बाग आणि पुन्हा खांब.

"मम्मी, आपका चेहरा देखो. हाथ देखो."

चेहरा पहिल्या फोटोत गोल होता. शेवटच्या फोटोत गालाची हाडं दिसत होती, दंडाची कातडी लोंबत होती, गळ्याशी दोन खड्डे पडले होते. आणि त्या सगळ्याखाली पोट. पहिल्या फोटोत ते जाड बाईचं पोट होतं. शेवटच्या फोटोत ते पुढे आलेलं, गोल, वेगळंच होतं. टी-शर्ट वर सरकला होता. बाई सुकली होती आणि पोट वाढलं होतं.

ते तिचं पोट होतं आणि तिने ते कधी पाहिलं नव्हतं. आरशासमोर ती फक्त कुंकू लावण्यापुरती उभी राहायची. कपडे बदलताना नजर भिंतीवर असायची. फोटो आला की ती आपलं हसू बघायची आणि पुढे सरकवायची. घरातली तीन माणसं, डॉक्टर, ऑफिस, बसमधली ती पोरगी, इतक्या जणांनी बघितलं होतं आणि खरं काय ते कुणालाच दिसलं नव्हतं.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी मोबाईल हातात घेतला, लांब धरून बघितला, ठेवला. मग काही न विचारता सुनेच्या पोटावर तळवा ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी तिला असा हात लावला नव्हता.

"पूर्णिमा," त्यांचा आवाज एकदम खाली आला, "हे असं दगडावाणी काहून लागून राहिलं, वो?"

स्वयंपाकघरातून खिचडी करपल्याचा वास यायला लागला. कुणी तिकडे गेलं नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. मशीन फिरवणारी तरुण डॉक्टर आधी सहज गप्पा मारत होती, कुठे राहता, मुलगी कितवीत. मग ती बोलायची थांबली. पोटावरचं यंत्र बरगड्यांपर्यंत गेलं, पुन्हा खाली आलं, पुन्हा वर गेलं. "एक मिनिट," म्हणून ती बाहेर गेली आणि दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन आली. दोघी पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. पूर्णिमाला छताचा पंखा दिसत होता. तो बंद होता, तरी ती त्याच्याकडे बघत राहिली.

अंडाशयाला गाठ होती. पाण्याने भरलेली, ओटीपोटापासून थेट बरगड्यांपर्यंत गेलेली. फुफ्फुसाला खालून जागाच उरली नव्हती.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जनबाईंनी तिचं पोट दोन्ही हातांनी नीट, सगळीकडून दाबून पाहिलं. मग विचारलं, "तकलीफ कब समझ में आई आपको?"

"दौड़ते समय. पीछे जा रही थी मैं."

"दौड़ते समय?" सर्जनबाईंचे हात थांबले. "आप इसे लेकर दौड़ रही थीं?"

पूर्णिमाने मान हलवली. बाजूला उभा असलेला निरंजन भिंतीला टेकला आणि टेकल्या टेकल्या खाली बसला. नर्सने त्याला पाणी दिलं.

"मी पोळी बंद करायला लावली," तो रिक्षात म्हणाला. "पूर्णिमा, मी तुले पोळी बंद करायला लावली."

रिक्षा जयस्तंभ चौकात अडकली होती, सगळीकडून हॉर्न वाजत होते.

ऑपरेशन झालं. गाठ न फुटता अखंड निघाली, गव्हाच्या भरल्या पिशवीएवढी. तपासणीचा निकाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात सासूबाई पुरानी बस्तीतल्या देवळात रोज पायी गेल्या. निकाल आला. कर्करोग नव्हता. निरंजनने फोनवर ऐकलं, "हव, हव," एवढंच म्हणाला आणि दारामागे जाऊन ओक्साबोक्शी रडला.

मग माणसं भेटायला यायला लागली. नागपूरची आतेनणंद दारातूनच ओरडली, "बाप्पा! किती बारीक झाली! काय केलं?"

"गाठ काढली, ताई."

"हो ते आहेच, पण बरं दिसून राहिलं हं तुले."

पूर्णिमाने टाक्यांवर हात दाबून धरला. जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या बाईचं लोक, मापाचा ब्लाउज बसल्यासारखं, अभिनंदन करत होते. एकीने तर डाएट विचारलं. सासूबाईंनी त्या बाईच्या हातातला चहाचा कप अर्धा असतानाच उचलून आत नेला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात सर्जनबाईंनी पळायची परवानगी दिली. जेवण सुरू झाल्यावर पूर्णिमा पुन्हा भरली होती. दंड, मांड्या, कंबर, सगळं होतं तिथे परत आलं होतं. भल्या सकाळी ती कमला दीदींबरोबर निघाली आणि पहिल्याच पावलाला धडपडली. शरीराला पुढच्या ओझ्याची सवय होती, ते मागे तोल सांभाळायला बघत होतं आणि सांभाळायला पुढे काहीच नव्हतं. तिने चाल सावरली. धावत राहिली. श्वास आत गेला आणि जातच राहिला, पार खालपर्यंत. किती खोल जागा होती आत! कधीतरी कमला दीदींची हाक आली तेव्हा तिने मान वळवली, तर देऊळ मागे पडलं होतं, बूथही मागे पडलं होतं.

ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि तिला संताप आला. असा संताप तिला आयुष्यात आला नव्हता. इतके महिने ती स्वतःला आळशी म्हणत होती, खादाड म्हणत होती. तेवढं ओझं घेऊन ती ट्रान्सफॉर्मरपर्यंत धावली होती आणि घरी येऊन पोळी सोडली होती.

ऑफिसात ही गोष्ट पसरलीच. एक दिवस मंजिरी तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पुण्याहून बदलून आलेली, तिशीतली, चांगली धष्टपुष्ट मुलगी. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेल्यावर ती बोलली.

"पूर्णिमाताई, माझंही पोट... म्हणजे मला सांगा, तुम्हाला नेमकं कसं कळलं? मला रात्री झोप लागत नाहीये."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. वजन कमी करा म्हणाले."

"हात लावून बघितलं?"

मंजिरीने नकारार्थी मान हलवली. पूर्णिमाने टिफिन बंद केला आणि शनिवारी तिला आपल्या सर्जनबाईंकडे घेऊन गेली. सोनोग्राफीच्या दाराबाहेर पूर्णिमा बाकावर बसली. दार उघडेपर्यंत ती पोरीची पर्स मांडीवर घट्ट धरून होती.

मंजिरी बाहेर आली. चेहरा लाल.

"काही नाही म्हणाल्या. सगळं नॉर्मल आहे." ती खाली बघायला लागली. "नुसती जाड आहे मी. उगीच तुमचा शनिवार घालवला."

पूर्णिमा पुन्हा बाकावर टेकली, मोठ्याने हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. मंजिरी घाबरून तिच्याशेजारी बसली.

"अगं, नुसती जाड आहेस," पूर्णिमा तिचा हात धरून म्हणाली. "याच्यापेक्षा चांगली बातमी कोणती असते, बाई? चल, बाहेर काहीतरी खाऊ. मले सकाळपासून भूक लागून राहिली."