घरघंटीला मिळालेली मुदत

मी एक जुनी घरघंटी आहे. भोसरीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी खोक्यात बसून, समुद्र ओलांडून मी इंग्लंडमधल्या वॉटफर्डला आले. रघुवीर आणि स्वाती या जोडप्याने मला मागवले होते. रघुवीरची छापखान्यातली नोकरी गेली होती, म्हणून दोघांनी घराच्या गॅरेजमध्ये भाजणीची छोटी कंपनी काढली. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. माझ्या पिठाची पाकिटे पोस्टाने पार एडिनबरापर्यंत जात. थालीपीठ अगदी घरच्यासारखे झाले, असे फोन आले की स्वाती माझ्या झाकणावर थोपटायची.

मग २००५ च्या हिवाळ्यात रघुवीरच्या यकृताचा आजार कळला. जानेवारीत आता उपाय उरला नाही म्हणून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवले. जिना चढवेना, म्हणून गॅरेजलगतच्या खोलीत त्याची खाट टाकली. मधले दार उघडेच असे. मी बंद होते, पण सगळे ऐकत होते.

एके दुपारी त्यांचा अकाउंटंट मिलिंद आला. तो म्हणाला, "वहिनी, कंपनीचे हिशेब आणि रघुवीरचं स्वतःचं टॅक्स रिटर्न, दोन्हींची शेवटची तारीख एकतीस जानेवारी. कंपनीसाठी आधीच अर्ज केला तर मुदतवाढ मिळू शकते. रिटर्नला तशी सोय नाही. उशीर झाला की दंड. मग आजारपणाचं कारण कळवायचं, पटलं तर माफ होतो."

"म्हणजे कंपनीला थांबता येतं, माणसाला नाही?" स्वातीने विचारले.

मिलिंद म्हणाला, "कंपनीचा अर्ज मी करतो. रिटर्न राहू दे, वहिनी. तुम्ही त्याच्याजवळ बसा. दंड झाला तर बघू."

"नको. यांनी आयुष्यात कुठली तारीख चुकवली नाही. आता शेवटी यांच्या नावावर दंड नको."

तिने असे ठरवले. तिचे चुकले असे मला तेव्हा वाटले नाही.

त्यानंतर ती रोज खाटेशेजारी फाइल घेऊन बसे. रघुवीर थोडा वेळच शुद्धीवर असे. तेवढ्यात ती विचारे, "अहो, व्याजाची पत्रं कुठल्या खणात? जुन्या पेन्शनचं काय झालं?" तो आठवून आठवून सांगे आणि दमून डोळे मिटे.

एकदा त्याने दाराकडे मान वळवली. "स्वाती, घंटी लाव ना. पीठ नको काढूस. नुसती लाव."

"लावते हं. आधी सांगा, बिल्डिंग सोसायटीतल्या बचतीचं पासबुक कुठे ठेवलंय?"

"वरच्या कपाटात. मफलरखाली."

ती वर गेली. पासबुक घेऊन खाली आली तेव्हा तो झोपला होता. त्यानंतर त्याला नीट बोलता आले नाही.

रिटर्न वेळेत गेले. फेब्रुवारीत रघुवीर गेला. कंपनीला तीन महिन्यांची मुदत मिळाल्याचे पत्रही आले, आणि ती मुदत कंपनी बंद करण्यातच संपली. मला विकत घ्यायला एक माणूस आला होता. "चालू करून दाखवा," तो म्हणाला. स्वाती माझ्यापाशी आली, जरा उभी राहिली आणि आत निघून गेली. तो माणूस पुन्हा आला नाही. माझ्या जात्यात आता ओल शिरली आहे. मी यापुढे दळेन असे मला वाटत नाही.

मित्रांनो, मुदत मिळत असेल तिथे जरूर मागा. मिळत नसेल तिथे खुशाल दंड भरा. पण आजारी माणूस काही मागत असेल, तर हातातला कागद तेवढा खाली ठेवा. मला सुरू करायला फक्त एक बटण दाबावे लागत होते.