गार व्हायला ठेवलेली दुर्बीण

गरम

नणंद जेवायला येणार होती आणि जेवणानंतर अंगणाचा निकाल लागणार होता. म्हणून भावजयीने नवऱ्याच्या दुर्बिणीचे भरपूर लाड केले. स्वतः शिवलेली जाड दुलई नळीभोवती गुंडाळली, बंद बांधले आणि दुर्बीण दुपारपासून शेगडीशेजारी उभी करून ठेवली. एवढ्या थंडीत बिचारीने कुडकुडत का काम करावं?

अंगण दोघा भावंडांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं आणि नणंदेचं. नणंदेची बेकरी. पाव पोचवायची गाडी थंडीत सकाळी सुरू व्हायला नखरे करते, म्हणून नणंदेला अंगणावर पत्र्याची शेड हवी होती. पत्रे उद्या येणार. पत्रे आले की आकाश गेलं. नवऱ्याने हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं होतं: ताईने एकदा शनी बघायचा. बघून काहीच वाटलं नाही, तर खुशाल ठोक.

नवरा फ्रिज दुरुस्त करतो. लोकांच्या स्वयंपाकघरांत वाकून त्याची पाठ मोडते. दुर्बिणीपुढे वाकला की तीच पाठ दुखायची विसरते.

अजून गरमच

"छोट्या, हे उकळतंय की रे!" जेवणानंतर अंगणात दुर्बिणीला डोळा लावून नणंद म्हणाली.

"काय उकळतंय?"

"तुझा शनी. पातेल्यातल्या बटाट्यासारखा."

नवऱ्याने नळीला हात लावला. मग बायकोकडे पाहिलं. "ही होती कुठे?"

"शेगडीपाशी," ती म्हणाली. "म्हटलं, गारठेल."

तो कपाळावर हात मारणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने तो हात केसांतून फिरवला. "अगं, आतली हवा गरम असली की चित्र थरथरतं. ही बाहेरच्याइतकी गार व्हायला हवी."

"जगाचे फ्रिज गार करतोस, आणि घरातलं एक नळकांडं होईना?" नणंद शाल सावरत उठली. "चला, झोपते. मला पहाटे कणीक मळायची आहे."

भावजयीने हातातल्या दुलईकडे पाहिलं. आपल्याच हाताने पत्रे ठोकले की आपण! तिकडे शनी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीकडे सरकत होता.

"ताई," ती एकदम म्हणाली, "भट्टीतून काढलेला पाव तुम्ही लगेच कापता?"

"वेडी का काय? आत लगदा होतो नुसता. गार होऊ द्यावा लागतो."

"मग?"

नणंदेने आधी तिच्याकडे पाहिलं, मग नळकांड्याकडे. बादली पालथी केली आणि तिच्यावर ठाण मांडून बसली.

"किती वेळ?"

कोमट

नवऱ्याने हत्यारांच्या पिशवीतून जुन्या फ्रिजचा पंखा काढला आणि नळीच्या बुडाशी, आरशामागे बांधला. पंखा घरघरायला लागला. दुर्बिणीची दुलई आता दोघी नणंद-भावजयांच्या गुडघ्यांवर होती.

"शिवलीयस मात्र झकास," नणंद टाके चाचपत म्हणाली. "ऊब धरते."

"तेच तर चुकलं ना."

दोघी इतक्या हसल्या की नवऱ्याला म्हणावं लागलं, "हळू! बादली सरकून पाय लागेल स्टँडला!"

शनी टाकीच्या जवळ येत होता. हसू थांबलं.

गार

"ताई, ये. धक्का लावू नकोस."

नणंदेने डोळा लावला. मग ती ताडकन उठली, नळीच्या तोंडाशी गेली आणि आत डोकावली.

"काय शोधतेस?"

"चित्र चिकटवलंयस कुठेतरी! इतकं नीटनेटकं कडं खरं असतं होय? अगं बाई! हे कोण?"

"आरशात तुझंच नाक आहे, ताई. आणि आता तू शनीच्या आड आलीयस."

ती धावत परत बघायच्या भिंगाशी. या खेपेला बराच वेळ. "तरंगतोय," ती पुटपुटली. "कडं घालून. बघ गं, तूही बघ." मग पुन्हा भावजयीलाच बाजूला सारून स्वतः बघायला लागली. शनी टाकीमागे गेला, तरी ती वाकलेलीच होती.

"गेला तो, ताई."

"उद्या दिसेल?"

नवऱ्याने पंखा बंद केला. "पत्रे नसले तर."

नणंद पाठ सरळ करत उठली. जमिनीवर पडलेली दुलई तिने झटकली, हातांनी ताणून मापली, मग दाराशी उभ्या गाडीकडे बघितलं.

"पत्रे परत पाठवते. पण काय गं, गाडीच्या तोंडाला अशी एक शिवशील? तिला ऊब लागते, दुर्बिणीसारखी नाही ती."

"बंदांची की बटणांची?" भावजयीने विचारलं आणि तिथेच, काळोखात, ती वितीने गाडी मोजायला लागली.