मारियाप्लान, नऊ बारा

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर गुनवोरने हातातल्या दोन्ही पिशव्या खाली टेकवल्या आणि उजव्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. नाडी मुळात सुटलेली नव्हती. पण मागून लेक येत होती, आणि तिच्यासमोर नुसतं धापा टाकत उभं राहण्यापेक्षा वाकून काहीतरी करत राहिलेलं बरं दिसतं.

पेर्निला वळणावर येऊन थांबली. तिने आधी नाडीकडे पाहिलं, मग आईच्या मानेवरच्या घामाकडे. पिशव्या उचलल्या आणि वर निघून गेली. पिशव्या हातातून गेल्या, हेच गुनवोरला जास्त लागलं.

कॉफी होईपर्यंत मात्र पेर्निलाने विषय काढलाच. शहराच्या पश्चिम टोकाला, सॉल्टहोल्मेनला, जिथे ट्रामचे रूळ समुद्रापाशी येऊन संपतात, तिथे तिच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंचं दोन खोल्यांचं घर मोकळं होणार होतं. बाई मुलाकडे राहायला जाणार होत्या, पण मे संपेपर्यंत थांबायला तयार होत्या. इमारतीला लिफ्ट होती. पेर्निला तिथून जवळच राहत होती. लिफ्टचं तिने तीनदा सांगितलं.

गुनवोरने घर बघायलासुद्धा नकार दिला. मारियाप्लानच्या या जुन्या लाकडी घरात, सगळ्यात वरच्या मजल्यावर तिची अडतीस वर्षं गेली होती. स्तुरे, तिचा नवरा, याच घरात वारला होता. अठ्ठेचाळीस पायऱ्या होत्या, त्याला ती काय करणार? पायऱ्या काही वाढल्या नव्हत्या.

"पायऱ्या नाही वाढल्या, आई," पेर्निला म्हणाली. "तू चार वर्षांत खुर्चीतून उठलेली नाहीस."

हे खरं होतं, आणि गुनवोरला ते नाकारायचंही नव्हतं. ट्राम चालवायची नोकरी संपली त्या दिवशी तिने जाहीरच केलं होतं, की आता एकतीस वर्षांची झोप वसूल करणार. त्या कामात ती कसलीही कुचराई करत नव्हती. पण लेकीच्या तोंडून ऐकल्यावर तिच्यातली जुनी हट्टी बाई जागी झाली. तिने पैज मांडली. मे महिन्याच्या एक तारखेला, दोन्ही हातांत पाच-पाच किलो बटाटे घेऊन, कुठेही न थांबता ती वर येईल. आली, तर सॉल्टहोल्मेनचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही आली, तर मुकाट्याने सामान बांधायचं.

पेर्निलाने थोडा वेळ कप हातात फिरवला आणि कबूल केलं. नोव्हेंबर चालू होता.

त्याच आठवड्यात गुनवोर दवाखान्यात गेली. कुठलं तरी भारदस्त दुखणं निघेल आणि अब्रू राहील, अशी तिला अंधुक आशा होती. तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईने गुडघे वाकवून पाहिले, चालायला लावलं, नाडी मोजली आणि सांगितलं, की बिघाड काहीच नाही. वापर नाही, एवढंच.

म्हणजे दोष सरळ आळसाचा होता, आणि आळसाशी गुनवोरची ओळख जुनी होती. एकदा तिने वर्षभरासाठी जिममध्ये नाव घातलं होतं. तिथे ती दोनदाच गेली: एकदा नाव घालायला आणि एकदा तिथे विसरलेली छत्री आणायला. पेर्निलाने दिलेल्या चालायच्या काठ्यांपैकी एक स्वयंपाकघराची खिडकी उघडी धरायला उपयोगी पडत होती. आताही तेच झालं. रोज रात्री निर्धार होई. रोज सकाळी ती पांघरुणात पडून आपल्याला जावंसं वाटतंय का, ते चाचपून बघे. वाटत नसे. मग उद्या नक्की वाटेल, असं म्हणून ती कूस बदले. दोन आठवडे असेच गेले.

तिसऱ्या सोमवारी ती खिडकीपाशी कॉफी पीत बसली होती. पावसात भिजलेली, काळपट सकाळ. खालच्या थांब्यावर अकरा नंबरची ट्राम आली, दोन माणसं घेऊन निघून गेली. गुनवोरने सवयीने घड्याळाकडे पाहिलं. नऊ बारा. बरोबर वेळेवर.

तिने कप खाली ठेवला. आत बसलेल्या त्या ड्रायव्हरला या हवेत यावंसं वाटलं असेल का? मुळीच नाही. तिला स्वतःला एकतीस वर्षांत पहाटे चारला उठावंसं किती वेळा वाटलं होतं? मोजून दोनदा, आणि त्यातल्या एकदा ताप होता. तरी गाडी कधी चुकली नव्हती. कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. वेळापत्रकात गाडी होती, म्हणून ती निघे. मनाची तयारी झाली की नाही, हे बघायची पद्धत तिथे नव्हती.

तिने ड्रॉवरमधून वही काढली आणि लिहिलं: मारियाप्लान, सुटण्याची वेळ नऊ बारा. पुढे लिहिलं: एक थांबा. परत येताना ट्रामने यायला मुभा.

दुसऱ्या दिवशी नऊ दहाला ती फाटकापाशी उभी होती. जावंसं वाटत नव्हतंच. नऊ बाराला ती निघाली. पुढचा थांबा पाच मिनिटांवर होता. तिथे पोचली आणि परतीच्या ट्रामची वाट बघत बसली. गाडी आली ती नेमकी ड्रागानची. हा तिच्या हाताखाली शिकलेला. आता त्याचेही केस पिकले होते.

"एका थांब्यासाठी?" दार उघडून तो म्हणाला. "बाई, एवढ्यात तर मी तुम्हाला कडेवर घेऊन सोडलं असतं."

"तुझी गाडी दोन मिनिटं उशिरा आहे," गुनवोर म्हणाली आणि पहिल्या बाकावर बसली.

आठवडाभर एकच थांबा. मग दोन. जास्त चालवतंय असं वाटलं, तरी ती ठरलेल्या थांब्यापुढे पाऊल टाकत नसे. वेळेआधी धावणारी गाडी ही उशिरा धावणाऱ्या गाडीइतकीच वाईट, हे ती नव्या पोरांना कायम शिकवत आली होती. नाताळपर्यंत ती चार थांबे चालू लागली. तिच्या जुन्या डेपोवरून जाताना आतले लोक हात करू लागले. ड्रागान समोरून आला, की घंटी वाजवी. एकदा तर त्याने गाडीतल्या सगळ्या प्रवाशांना माइकवरून सांगितलं, की उजव्या बाजूला या लाइनवरची सगळ्यात वक्तशीर गाडी दिसत आहे. गुनवोरने मान वळवली नाही. पण त्या दिवशी घरी येताना दालचिनीचे दोन गोड पाव घेतले आणि दोन्ही खाल्ले.

जानेवारीत बर्फ गोठून रस्त्यांची काच झाली. शेजारची बाई पडली आणि तिचं मनगट मोडलं. गुनवोर घरात बसली. पहिले तीन दिवस ती बर्फामुळे बसली होती. पुढचे आठ दिवस ती फक्त बसली होती. रस्त्यावर खडी टाकून झालेली खिडकीतून दिसत होती, आणि वहीवर वर्तमानपत्र ठेवलेलं होतं.

बाराव्या दिवशी पेर्निलाचा फोन आला. चालणं कसं चाललंय, असं तिने सहज विचारलं. गुनवोर खोटं बोलायला तोंड उघडत होती, पण जमलं नाही. बंद पडलंय, असं तिने सांगून टाकलं. पलीकडून लेक समजुतीने म्हणाली, की जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस, तुझं वयही झालं.

फोन ठेवल्यावर गुनवोर खूप वेळ त्या समजुतीवरच चरफडत राहिली. हिवाळ्यात गाड्या रद्द होतात. तिच्या स्वतःच्या कितीतरी झाल्या होत्या. म्हणून कुणी रूळ उखडून नेत नाही. दुसऱ्या दिवशी पुढची गाडी सुटते, आणि ती ठरल्या वेळेला सुटते. आदल्या दिवशीच्या गाड्यांची भरपाई करायला चार जास्त सोडत नाहीत. तिने वर्तमानपत्र बाजूला केलं, चार खोडून पुन्हा दोन लिहिले, आणि बुटांना खिळ्यांचे पट्टे लावून नऊ बाराला बाहेर पडली.

त्यानंतर तिने मागे वळून पाहिलं नाही. मार्चमध्ये सात थांबे. एप्रिलमध्ये लोंगेड्रागचा थांबा, जिथून वाऱ्याला खारट वास येऊ लागतो. कधीपासून ते तिला नेमकं सांगता आलं नसतं, पण जिन्याच्या वळणावर बूट बघायची गरज पडेनाशी झाली. आळस होताच. तो रोज सकाळी तिच्या आधी उठे. फक्त त्याला विचारायची सवय तिने सोडली होती.

एक मे रोजी कामगार दिनाच्या मिरवणुकीतले बँड दूरवर वाजत होते. पेर्निलाने बटाटे स्वतः तोलून आणले होते. गुनवोर पुढे निघाली, पेर्निला मागे. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर गुनवोरला दम लागला, पण पाय चालत राहिले. वर पोचल्यावर तिने दोन्ही पिशव्या हातात धरूनच लेकीची वाट पाहिली.

पेर्निला हसली. आईचा गाल दाबून म्हणाली, की जिंकलीस बाई. ठरल्याप्रमाणे तिने घराचं नाव काढलं नाही. फक्त जेवताना ती नेहमीपेक्षा कमी बोलली, आणि लवकर निघाली.

पुढच्या गुरुवारी गुनवोरच्या वहीत शेवटचा थांबा आला. सॉल्टहोल्मेन. दीड तासाहून जास्त लागला. रूळ संपतात तिथे ती आली, तेव्हा एक ट्राम वळण घेऊन उभी होती आणि ड्रायव्हर पोरगी बाहेर उभी राहून सँडविच खात होती. तिच्याकडे सहा मिनिटं असणार, हे गुनवोरला न विचारता ठाऊक होतं. तिलाही एकतीस वर्षं इथे सहाच मिनिटं मिळाली होती. हजारो वेळा ती इथे आली होती, थर्मासमधली कॉफी घशाखाली घातली होती, काचेतून समुद्राकडे एकदा पाहिलं होतं आणि परत फिरली होती.

ती खडकांवर उतरून बसली. ट्राम गेली. दुसरी आली, तीही गेली. बेटांकडे जाणारी बोट सुटली. गुनवोर उठली नाही. पाण्याचा रंग ऊन सरकेल तसा बदलतो, हे तिने पहिल्यांदा पाहिलं. तासाभराने तिने पेर्निलाला फोन लावला आणि ते घर अजून आहे का, असं विचारलं.

 पेर्निला म्हणाली, की तिने त्या बाईंना अजून नाही म्हणून कळवलं नव्हतं. राहून गेलं होतं.

दहा मिनिटांत ती धावतपळत आली. दोघी त्या बाईंच्या घरी गेल्या. तिथे खोकी बांधून ठेवलेली होती. बाईंनी त्यांना गॅलरीत नेलं, आणि कॉफी करते म्हणून त्या आत गेल्या. खाली खडक दिसत होते. गुनवोरने कठड्यावर हात ठेवून बराच वेळ पाहिलं, मग म्हणाली, की जूनमध्ये सामान हलवू या.

पेर्निलाला काही कळेना.

"पण तू जिंकलीस ना," ती म्हणाली. "आता तर तुला पायऱ्यांचं काहीच नाही."

"म्हणून तर. आता मी त्यांच्या भीतीने येत नाहीये."

पेर्निलाने समुद्राकडे तोंड फिरवलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटलं, तुला माझ्या जवळ यायचंच नाही. पैजेसाठी तू एवढं चाललीस, तेव्हा तर खात्रीच झाली."

गुनवोरने तिच्याकडे नीट पाहिलं. सहा महिने आपण एका घराशी, एका लिफ्टशी भांडतोय, अशी गुनवोरची समजूत होती.

"तू तर लिफ्टबद्दल बोलत होतीस," ती म्हणाली.

"मग काय बोलायला हवं होतं?"

 गॅलरीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. हिवाळाभर तशाच राहिल्याने त्या चिकटून बसल्या होत्या. गुनवोरने खालची पायाने दाबून धरली, वरची दोन्ही हातांनी जोर लावून सोडवली, बाहीने पुसली आणि दुसरीच्या शेजारी मांडली.

"बस," ती म्हणाली.